उजेडाचा हाडवैरी

आम्ही डिचोलीहून दुर्बीण घेऊन पाळी गावाच्या पुढच्या डोंगरावर तारे बघायला जातो, तेव्हा तिथल्या वाडीतला एक गृहस्थ आमचा ताबा घेतो. जन्मभर खनिजाचा ट्रक हाकताना समोरच्याच्या डोळ्यांत हेडलाइट मारणारा हा माणूस आता उजेडाचा हाडवैरी झाला आहे. तिन्हीसांज झाली की घरोघर ओरडत फिरतो, "वैनी, लायट बंद कर गो! लोक नखेत्रां बघूक आयलेत." चुलीवर माशाची कढी उकळत असली तरी सवलत नाही. स्वतः मात्र दुर्बिणीला कधी डोळा लावत नाही. "माका सगळी हंयसूनच दिसतात," उभ्या जागेवरूनच वर बघत म्हणतो.

गेल्या खेपेला वाडी काळोखात बुडाली आणि शेजारच्या म्हातारीने तुळशीपुढे दिवा लावला, नेमका आमच्या समोर. आमच्यातला एकजण म्हणाला, "काका, तेवढा दिवाही विझवायला सांगा ना."

"तुळशीचो दिवो?" तो असा गरजला की दुर्बीण हलली. "तुमचो शनी थांबतलो. तुळस थांबची ना!"

पण पाहुण्यांचीही सोय बघायला हवी होती. तो तरातरा घरात गेला, जुनी काळी छत्री घेऊन आला आणि ती उघडून दिव्याला आडोसा धरून पुतळ्यासारखा उभा राहिला. झुरळांनी त्या छत्रीची चाळण केली होती. भोकाभोकातून दिवा लुकलुकत होता.

"आता दिवो दिसना मू?" त्याने पलीकडून विचारले.

छत्रीवरचे तारे बघत आम्ही एका सुरात म्हणालो, "नाही काका, काही दिसत नाही."