धार दाखवायला गेलेले बाबा

तरुणपणी माझे बाबा वैनगंगेतून प्राणहितेत आणि तिथून खाली गोदावरीपर्यंत सागवान न्यायचे. ओला साग पाण्यात बुडतो, म्हणून ओंडक्यांच्या दोन्ही बाजूंना बांबूचे भारे बांधून तराफा करायचा आणि धारेला लावायचा. धार म्हणजे नदीतली खोल वाट. पुढे ट्रक आले, तराफे संपले, आणि उरलेली सगळी वर्षं बाबांनी ती धार आम्हाला जेवताना ऐकवली. आई वैतागायची, "नदी राहू द्या, भाजी घ्या."

तीन वर्षांमागे दिवाळीनंतर मोजणीवाले आले. नदीतून पुन्हा माल नेता येईल का, हे सरकारला पाहायचं होतं म्हणे. त्यांनी जुना जाणकार विचारला आणि गावाने त्यांना आमच्या दारात आणून सोडलं. बाबांनी पेटीतलं धोतर काढलं. "मालाले नदीच पायजे, बाई. मी सांगतच होतो," मला म्हणाले. इतके खुश ते माझ्या लग्नातही नव्हते.

माझं सासर गावातच, कपडे रोज घाटावर धुते. वर बंधारे झाल्यापासून वाळू सरकून जुनी धार बुजली होती. पाणी नुसतं पसरलेलं, काठावरून बघता भरलेलं वाटायचं. गुडघे गेल्यापासून बाबा नदीवर उतरलेच नव्हते. मला एकच वाक्य बोलायचं होतं. ते पोटातच ठेवून मी त्यांच्या धोतराचा सोगा नीट केला.

मोटारीच्या नावेत मीही चढले. बाबा पुढे उभे राहून हाताने वाट दाखवत होते. "आता सरळ घ्या. इथी दोन पुरुष पाणी हाये." तेवढ्यात नाव घस्स करून वाळूत बसली. मोजणीवाल्यांचा साहेब पोरगेलासाच होता. "असू द्या काका, पाणी किती ते मशीनवर दिसतंच," तो फार आदराने म्हणाला. त्या आदराचाच मला राग आला. बाबा धोतरासकट खाली उतरले. पाणी गुडघ्याएवढं. सगळे नको नको म्हणत असताना त्यांनी नावेला खांदा लावला, आणि काठ येईपर्यंत वर बसले नाहीत.

घरी त्यांनी ताट बाजूला सारलं. मला जवळ बोलावून विचारलं, "तुले मालूम होतं ना?"

"नाई, बाबा," मी म्हटलं.

"बरं," म्हणाले. त्यानंतर ते चारच महिने जगले. त्या चार महिन्यांत त्यांनी मला नदीबद्दल एक शब्द सांगितला नाही.