एकाच कार्डाचं नेटवर्क

लिहायला बसलो खरा, पण संकोच वाटतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पुस्तकात छापावं असं माझ्याकडे काय असणार? तरी एक गोष्ट सांगतो. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

हिंगोलीच्या आमच्या कॉलेजात विंडोजची नवी मशिनं आली आणि डॉसवरची जुनी कोपऱ्यात गेली. त्यातल्या एकातच नेटवर्कचं कार्ड शाबूत होतं. डॉसची मशिनं एकमेकांना जोडणारा एक फुकट प्रोग्राम मी सायबर कॅफेतून फ्लॉपीवर आणला, सोबत त्याचा सोर्स कोडही. आमच्या कार्डावर तो सुरू होताच मशीन गोठायचं. नव्या मशिनांपाशी पोरांचा घोळका असे. तिथे काय बोलावं मला सुचत नसे. म्हणून कोपऱ्यात बसून मी तो कोड ओळ न ओळ वाचू लागलो.

"काहून रे, एकट्या मशीनचं कसलं नेटवर्क करून राहिला?" खोलीतला जोडीदार हसायचा. "अगोदर माणसांशी बोल की लेका!"

त्याचं बराबर होतं.

पावसाळा सरता सरता चूक सापडली. कार्ड तयार व्हायच्या आधीच प्रोग्राम त्याच्याकडे निरोप मागत होता. मी थांबायच्या दोन ओळी घातल्या आणि मशीन गोठेनासं झालं. पण पलीकडे दुसरं कार्डच नव्हतं. कार्डाने स्वतःच निरोप धाडायचा आणि स्वतःच घ्यायचा, एवढीच तपासणी शक्य होती.

दिवाळीत औंढ्याकडे गावी गेलो. मेंढरं राखत माळावर बसलेल्या वडलांना हे सांगितलं.

"मंग ते मशीन कोणाशीच बोलत न्हाई?"

"न्हाई. आपल्याआपणच बोलतं."

"मंग माझ्यावानीच हाय की," ते म्हणाले, आणि चुकार कोकराला हाळी देत निघून गेले.

परत आल्यावर बदललेला कोड प्रोग्राम लिहिणाऱ्या परदेशी माणसाला मेलने पाठवला. दोन मशिनांवर तपासलेला नाही, हेही लिहिलं. मग दर बाजाराच्या दिवशी कॅफेत जायचं, मेल उघडायची, काही नाही बघून खोलीवर यायचं. दरम्यान कोपऱ्यातली मशिनं भंगारात गेली. आपल्या ओळी खऱ्या की खोट्या, हे मला आता इथे कळणारच नव्हतं.

शेवटच्या वर्षाला त्या परदेशी गृहस्थांचं उत्तर आलं. त्यांना तसली दोन कार्डं मिळवायलाच फार वेळ लागला होता. माझ्या ओळी घालून त्यांनी दोन मशिनं दोन खोल्यांत ठेवली. पहिल्याने निरोप पाठवला, आणि दुसऱ्याने उत्तर दिलं.