हिरव्या ठिपक्याचा प्रोसेसर

चहा घ्या, बिस्किटं घ्या, पण एक अट आहे. माझं सांगून झालं की आमच्या हिच्याकडे बघून हसायचं नाही. ती आत पोळ्या करतेय, पण कान इकडेच आहेत. आणि आधीच सांगून ठेवतो, या फजितीत मला कोणी फसवलं वगैरे नाही हो! मी एकट्याने, स्वतःच्या अकलेने, कोणाचीही मदत न घेता माती खाल्लेली आहे.

नव्वदीची सुरुवात होती. देशात जो तो नव्याची वाट बघत होता. टीव्हीवर नव्या वाहिन्या, रस्त्यावर नव्या गाड्या, कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळ्या पाट्यांचे टेलिफोन बूथ. मी विम्याच्या कचेरीत कारकून, राहायला विश्रांतवाडीत. आमच्या कचेरीत एक कम्प्युटर आला. साहेबांना पंखा आणि त्याला एसी! त्याच्या खोलीत जायचं तर चपला बाहेर काढायच्या. इतक्या भक्तीने आम्ही देवळातही जात नव्हतो.

मी संध्याकाळी तीन महिन्यांचा एक क्लास केला होता. झालं! अख्ख्या कचेरीत मी 'कम्प्युटरवाला' ठरलो. क्लासमध्ये काय शिकलो ते विचारू नका. मशीन चालू करायला नीट यायचं, बंद करताना मात्र छातीत धडधडायचं.

आता सुलभाचं ऐका. सुलभा म्हणजे आमची ही. माहेर शनिवार पेठेतलं, त्यामुळे बोलणं कमी आणि बोललं की समोरच्याने जरा वेळ खाली बघायचं. लग्नाआधी ती शेजारच्या नातूकाकांच्या छापखान्यात खिळे जुळवायची. त्या वर्षी एक दिवस नातूकाकांनी तिला बोलावून सांगितलं, "पोरी, खिळ्यांचे दिवस संपले. तू कम्प्युटर घे. तुळशीच्या लग्नानंतर ज्या लग्नपत्रिका येतील त्या सगळ्या तुझ्या. तोवर मशीन नसेल तर मला दुसरीकडे काम द्यावं लागेल. मग माझ्यावर रुसायचं नाही."

सुलभा घरी आली ती उडतच! लग्नानंतर पहिल्यांदाच तिला असं बघत होतो. खिडकीपाशी टेबल सरकवलं, पडदा धुतला, न आलेल्या मशीनसाठी खणाचं कव्हर शिवलं. टेबलाजवळ चपला घालून गेलो तर मला ओरडली. मी शनिवार पेठेत सान्यांच्या दुकानात जाऊन बयाणा दिला आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर मशीन घरी आणायचं ठरलं. 'फोर एटी सिक्स' प्रोसेसरचं मशीन! तेव्हा त्याच्यापुढे काही नव्हतं.

इथपर्यंत सगळं सरळ होतं की नाही? इथे मी तोंड बंद ठेवायला हवं होतं.

कचेरीच्या कँटीनमध्ये वानखेडे भेटला. हा अकोल्याचा, माझ्याच टेबलापलीकडे बसायचा. माणूस सोन्यासारखा, पण पोटात काही राहत नसे. मला म्हणाला, "भाऊ, माह्या भाच्याले कम्प्युटर घ्याचा हाय. कोणता घेऊ, सांग ना. तुले तर सारं माहीत हाय."

'तुले सारं माहीत हाय' म्हटल्यावर 'मला माहीत नाही' असं म्हणणारा माणूस पुण्यात तुम्ही पाहिलाय का? वाचनालयात एका इंग्रजी मासिकात मी एक ओळ वाचली होती, की पुढच्या प्रोसेसरची सगळे वाट बघताहेत. बस, तेवढ्या भांडवलावर मी मान मागे टाकली आणि म्हणालो, "थांबलेलं बरं."

"काहून?"

"नवा प्रोसेसर येतोय. दिवाळीनंतर. दुप्पट वेगाचा, आणि किंमत आहे तीच."

"काय सांगून राह्यला बे! मंग ओळखाचा कसा?"

आता आली का पंचाईत! ओळखायचा कसा हे मला तरी काय माहीत? तेवढ्यात डोळ्यांपुढे आला आमच्या घरच्या फ्रीजचा स्टॅबिलायझर. त्याच्यावर सगळं ठीक असलं की हिरवा दिवा लागतो. मी आवाज खाली आणला. "त्याच्यावर हिरवा ठिपका असेल. ठिपका नसला तर घेऊ नकोस. जुना माल खपवतात."

वानखेडेने मोठ्या आदराने माझ्या चहाचे पैसे दिले. मीही विसरून गेलो.

पुढे थोड्याच दिवसांनी वानखेडे धावतच माझ्या टेबलाशी आला. चेहरा असा, जणू बढतीची यादी लागलीय. "भाऊ! तुहा अंदाज एकदम खरा! माह्या साळ्याकडून पक्की खबर हाय. तो खडकवासल्याले असते, लष्कराच्या तिथं. दिवाळीनंतर येऊन राह्यला, हिरव्या ठिपक्याचा!"

तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? साळ्याला ही खबर कोणी दिली, असं विचारलं असतं. मी नाही विचारलं. हा साळा, म्हणजे त्याचा मेव्हणा, तिथल्या कँटीनला भाजी पुरवतो, हेही मला फार पुढे कळलं. माझ्या डोक्यात एकच वाक्य घुमत होतं, 'माझा अंदाज खरा निघाला!' आणि तोही लष्कराकडून! मी स्वतःशीच म्हटलं, रणदिवे, तुला यातलं उपजतच कळतं. उगीच इतकी वर्षं विम्यात घालवलीस.

मग काय, जिकडे तिकडे ठिपकाच! स्कूटर दुरुस्त करणारा म्हणाला, साहेब, थांबा. केस कापताना शेजारच्या खुर्चीतला गृहस्थ सांगत होता की नवा प्रोसेसर इतका तापतो, की वर पातेलं ठेवलं तर दूध उतू जातं. बूथवर रांगेत उभे असलेले दोघे त्याच्या नावावरून हमरीतुमरीवर आले होते. एक म्हणे 'फाइव्ह एटी सिक्स', दुसरा म्हणे आकडे बंद, आता माणसासारखं नाव ठेवणार. आणि शेवटी नातूकाका! "रणदिवे, हिरव्या ठिपक्याचं काय ते येतंय म्हणे. खरं का?"

जे चार जणांच्या तोंडून येतं ते खोटं कसं असेल? मी सांगितलेलं मलाच चारही दिशांनी परत येत होतं, आणि मी दर वेळी त्याला नवा पुरावा समजत होतो.

दसऱ्याच्या सकाळी सान्यांच्या दुकानात गेलो. साने म्हणजे पन्नाशीचे, जाड चष्म्याचे, गिऱ्हाइकाकडे शक्यतो न बघणारे गृहस्थ. पण त्या दिवशी त्यांनीही मशीनला झेंडूचा हार घातला होता, हळदकुंकू लावलं होतं. बाहेर रिक्षा उभी होती.

"घ्या," साने म्हणाले. "पेढे आणलेत का?"

मी चाचरत म्हणालो, "साने, मी जरा थांबतो म्हणतो."

"कोणासाठी?"

"नव्या प्रोसेसरसाठी. बयाणा राहू द्या तुमच्याकडे."

सान्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तुम्हीसुद्धा ठिपकाच का? छान. मशीनला हार घातलाच आहे, आता मला तेवढा घालायचा राहिला."

घरी आलो. सुलभा दारात, हातात ओवाळणीचं ताट. माझ्या हातात आपट्याची दोन पानं.

"मशीन?"

"अगं, थांबलेलं बरं." आणि मी तिला सगळं सांगितलं. दुप्पट वेग, तीच किंमत, लष्कराची खबर, हिरवा ठिपका.

ठिपका म्हटल्यावर तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मग फ्रीजकडे बघितलं. मग ताट खाली ठेवलं आणि म्हणाली, "तुम्ही थांबा. लग्नं थांबणार आहेत का, ते मुलींच्या बापांना विचारून या."

एवढंच बोलली. पण खिडकीपाशी जाऊन तिने ते खणाचं कव्हर घडी करून कपाटात ठेवलं, ते मला बघवलं नाही. पण मी मनाची समजूत घातली, की दिवाळीनंतर दुप्पट वेगाचं मशीन आणलं की हिलाच आनंद होईल.

त्यानंतर मला चैन म्हणून पडेना. बसलो की उठावंसं वाटे, उठलो की बाहेर जावंसं वाटे. कचेरी सुटली की स्कूटर आपोआप दुकानांकडे वळायची. "आला का?" "नाही." बूथवरून फोन लावायचो. "आला का?" "कोण?" दिवाळीत अभ्यंगस्नान करतानाही डोक्यात तेच. फराळाचा लाडू हातात घेऊन मी फ्रीजकडे बघत उभा राहायचो आणि तो हिरवा दिवा माझ्याकडे बघायचा. तरी डोक्यात प्रकाश पडला नाही! तो मेला स्टॅबिलायझर याहून जास्त काय सांगणार होता?

सुलभा मात्र शांत. पाडव्यानंतर रोज दुपारी माहेरी जाऊ लागली. मला वाटलं, रागावलीय. असू दे, ठिपका आला की राग जाईल.

दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं. ठिपक्याचा पत्ता नाही. शेवटी तावातावाने सान्यांकडे गेलो.

"काय हो साने, कधी येणार नवा प्रोसेसर?"

"या, या, रणदिवे. तुमच्या आधी आज तिघे हेच विचारून गेले." साने आज गिऱ्हाइकाकडे बघत होते, आणि तेच जास्त भीतीचं होतं. "या ठिपक्यापायी माझी दिवाळी कोरडी गेली. पण मी पेठेतला माणूस आहे, सोडत नसतो. येईल त्याला विचारत गेलो, तुम्हाला कोणी सांगितलं? ह्याला त्याने, त्याला कोणा भाजीवाल्याने, भाजीवाल्याला त्याच्या मेव्हण्याने. मेव्हणा कोण, तर विम्याच्या कचेरीतला कोणी वानखेडे."

मी टेबलावरची धूळ बोटाने पुसायला लागलो.

"आणि वानखेड्याला म्हणे त्याच्या कचेरीतल्या कोणा कम्प्युटरवाल्या शहाण्याने सांगितलं. तुम्हीही विम्यातच ना? ओळखता का?"

"चेहऱ्याने," मी म्हणालो.

काय करणार! तेव्हा कुठे माझ्या डोक्यात ती सगळी साखळी लागली. खडकवासला नाही, लष्कर नाही, कोणी नाही. कँटीनमधला मी, माझा चहा आणि आमचा फ्रीज! ज्या बातमीपायी मी बायकोचं काम घालवलं, ती बातमी माझ्याच तोंडची होती. म्हटलं, अजून वेळ गेली नसेल तर निदान मशीन तरी घरी नेऊ.

"साने, ते दसऱ्याचं मशीन द्या. आत्ता. आहे तसं."

"ते गेलं. पाडव्याला एक बाई घेऊन गेल्या. फार खमक्या बाई! मला म्हणाल्या, ठिपका येईपर्यंत तुमचं एकही मशीन हलायचं नाही, आणि तो काही येत नाही, कारण तो कुठून निघाला ते मला माहीत आहे. तेव्हा किंमत उतरवा. काय करतो, उतरवली. भिशीचे पैसे दिले आणि बयाणा वळता करून घेतला."

"कोणाचा बयाणा?"

"तुमचाच. नवऱ्याचा बयाणा बायकोला वळता करायला आमची ना नसते." साने पुन्हा खाली बघू लागले. "छापखान्यात आहेत. दोन दारं सोडून. चेहऱ्याने ओळखालच."

मी अक्षरशः पळत गेलो. छापखान्यात शाईच्या वासात कोपऱ्यात ते मशीन. गळ्यात सुकलेला झेंडूचा हार, पाठीवर खणाचं कव्हर दुमडलेलं. सुलभा बसलेली, पडद्यावर कोणाची तरी लग्नपत्रिका, शेजारी पत्रिकांचा ढीग. नातूकाका मला बघून म्हणाले, "रणदिवे, चपला बाहेर."

चपला काढून पुढे गेलो, आणि बघतो तर काय! मशीनच्या डब्यावर, बरोब्बर मधोमध, एक हिरवी टिकली चिकटवलेली.

"आला बघा," सुलभा न थांबता टाइप करत म्हणाली. "हिरवा ठिपका. दिवाळीनंतर कशाला, दिवाळीतच आला."

"तुला कळलं कधी?"

"दसऱ्यालाच. अहो, जगात ज्या एकाच यंत्राचं तुम्हाला पक्कं कळतं ते म्हणजे आपला स्टॅबिलायझर. हिरवं म्हणजे ठीक. तुम्ही ठिपका म्हणालात तेव्हाच ओळखलं."

मला लाजही वाटत होती आणि आनंदाने रडूही येत होतं. तिचं काम वाचलं होतं हो! माझ्यामुळे नाही, मी असूनही. तरी मी जरा पुरुषी आवाज काढून विचारलं, "मग मला सांगितलं का नाहीस इतके दिवस?"

तिने पहिल्यांदा मान वर केली. "सांगणार होते. पण म्हटलं, थांबलेलं बरं."

नातूकाका इतके हसले की शाईचा डबा सांडला.

दुसऱ्या दिवशी कचेरीत ठरवूनच गेलो, की आता प्रोसेसर हा शब्द काढायचा नाही. कोणी विचारलं तरी नाही. टेबलाशी बसलो, फाइल उघडली. वानखेडे इकडेतिकडे बघत आला, वाकला आणि कानात म्हणाला, "भाऊ, ते हिरव्याचं जाऊ दे. आता लाल ठिपक्याचा येऊन राह्यला म्हणतात. एकदम पक्की खबर!"

आता काय सांगू तुम्हाला... इतकं सगळं होऊन, आदल्याच दिवशी होऊन, माझ्या तोंडून निघून गेलं,

"कधी?"