जुन्या आंब्याखालची टोपलीभर माती

नर्सरीत चार पावसाळे काढले की किस्से शेणखतासारखे साचत जातात, उपसावे तेवढे थोडेच!

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी अहेरीजवळच्या सरकारी फळरोपांच्या नर्सरीत मुकादम होतो. जागा मिळाली होती जुन्या वीटभट्टीची. त्या भाजलेल्या मातीत आंब्या-लिंबाची रोपं पिवळी पडायची. वरून पत्र आलं, "या पावसाळ्यात रोपं उभी राहिली नाहीत तर नर्सरी बंद." मला रागच आला. म्हटलं, आता जगवूनच दाखवतो!

*

आधी सल्फेटचं, म्हणजे रासायनिक खताचं, पोतं आलं. चौकीदार किसनभाऊला सांगितलं, रोपाला चिमूटभर टाका. आठ दिवसांत अख्खा वाफा करपला.

"भाऊ, किती टाकलं?"

"मूठ मूठ. सरकारी माल हाय, चिमटीनं काऊन वाढाचं जी?"

त्या दिवशी मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा रोपं लावली.

*

मग आमच्या खात्याच्या नागपूरच्या साहेबांनी एक बाटली पाठवली. सोबत चिठ्ठी होती : "नुसत्या खतानं भागणार नाही. यात मातीतले उपयोगी जंतू आहेत, ते मुळांना अन्न पोचवतात. जपून वापरा."

चिठ्ठी किसनभाऊला वाचून दाखवली आणि मी टपाल टाकायला गेलो. परत येतो तर चुलीवरच्या पातेल्यात बाटलीतलं पाणी खदखदतंय!

"जंतू होते नं जी! पटकीच्या साथीत डॉक्टरनं सांगतलं होतं, उकळल्याबिगर काईच वापराचं नाई. चांगलं उकळलं. एकही वाचला नाई आता!"

*

हे ऐकून मैनीबाई पोट धरून हसली. जंगलातल्या टोल्यावरून, छोट्या वस्तीवरून, ती रोज कामाला यायची.

"बाटली काऊन पाह्यजे, भाऊ? जुन्या आंब्याखालची माती आणू नं. आमी नवं झाड लावतानी तेच करतो."

मी तिच्यामागं नाल्यापलीकडच्या आंब्याखाली गेलो.

"पायताण काढा. झाडाची चूल हाय ही. दुसऱ्याच्या चुलीपाशी कोणी पायताण घालून जाते का?"

मी निमूट काढलं. तिनं एकच टोपली माती घेतली आणि खड्ड्यावर पुन्हा पाला सारला.

मी सगळं साहेबांना कळवलं, पायताणासकट. उत्तर आलं, "जंतू त्या मातीतही असतील, पण सिद्ध करा. एका वाफ्यात नुसतं सल्फेट, दुसऱ्यात सल्फेट आणि ही माती. फरक दिसला तरच नर्सरी वाचेल."

*

सांगितल्याप्रमाणे मी दोन वाफे लावले. पोळा झाल्यावर साहेब आले. दोन्ही वाफे हिरवेगार!

"फरक कुठं आहे?" साहेबांनी विचारलं.

तेवढ्यात मैनीबाई पुढं झाली.

"साहेब, मीच टाकली तिकडं पण माती. एकाले जेवू घालाचं अन् दुसऱ्याले उपाशी मरतानी पाहाचं, मले नाई जमलं."

"बाई, तुम्ही माझा प्रयोग बुडवला!"

"बुडाला तं बुडाला. रोपं तं जगली नं?"

साहेबांनी वाकून एक रोप उपटलं, पांढऱ्या मुळांचा झुपका बराच वेळ पाहिला आणि ते परत लावलं.

"ते झाड दाखवा," एवढंच म्हणाले.

आम्ही नाला ओलांडून आंब्याखाली पोचलो. कोणी काही बोलायच्या आत साहेब खाली बसले आणि बुटांच्या नाड्या सोडू लागले.

"टोपली इकडे द्या, बाई. अजून बरेच वाफे भरायचे आहेत."