नरसिंहाच्या तोंडाशी माईक

वणी मागे पडल्यावर जीपचं इंजिन तापलं आणि आम्ही अकरा प्रवासी रस्त्याकडेला उतरलो. माझा मित्र समीर कॅसेट छातीशी धरून उभा होता. नाशिकमधल्या त्याच्या रॉक बँडचा हा तिसरा अल्बम. तोंडाला रंग फासून, रंगमंचावर जाळ उडवून गाणाऱ्या या चौघांच्या आधीच्या दोन कॅसेटी कुणी फुकटही नेल्या नव्हत्या. ही मात्र पंधरवड्यात संपली! गाणी मी लिहिलेली. मुखपृष्ठावर नरसिंहाचा मुखवटा चढवलेला समीर, तोंडाशी माईक.

मूळ मुखवटा सुरगाण्याजवळच्या एका पाड्यावरच्या बोहाड्यातला (देवदैत्यांची सोंगं नाचवण्याचा उत्सव). समीरने फोटोवरून नक्कल करून घेतली होती. "लोककला लोकांची, विचारायचं कुणाला?" असं त्याला मीच ठणकावलं होतं. मग पाड्यावरून निरोप आला, "त्या सोंगाचा मान आमच्या घराचा आहे." दुसरी छपाई थांबवून आम्ही निघालो. नकार मिळाला तर मुखपृष्ठ रद्द, असं मी समीरकडून कबूल करून घेतलं होतं.

इंजिन निवलं. घाट संपला तशी सागाच्या उतारांखाली भाताची खाचरं दिसू लागली.

नरसिंह नाचवणाऱ्या लक्ष्मणबाबांच्या ओट्यावर त्यांच्या सुनेने आधी जेवायला वाढलं. नागलीची (नाचणीची) भाकरी, उडदाची आमटी. मग बाबांनी मुखपृष्ठ उन्हात धरलं.

"सोंग बेस केलंय. पन तोंडापुढं ह्यो काय?"

"माईक, बाबा. गाण्यासाठी."

"सोंग बोलत नाय रे! देव चढला का माणसानं गप ऱ्हायचं."

"शहरातला देव लय बडबडा दिसतो," सून म्हणाली. समीर कानापर्यंत लाल झाला.

"वाजवा तर खरं," बाबा म्हणाले.

आमच्यासाठी थांबलेल्या जीपवाल्याने कॅसेट घालून टेप मोठा केला. बाबा अंगणात उतरले. मुखवटा त्यांनी घरातून बाहेर काढला नाही, त्याचा दिवस नव्हता. तरी गाण्यातला ढोल सुरू होताच त्यांचा चेहरा लाकडासारखा थिजला आणि ते नुसत्या पावलांनी, खांद्यांनी नाचू लागले. बोटांची नखं झाली. सत्तरीचा माणूस माझ्या डोळ्यांसमोर खांब फोडत होता. मी लिहिलेला एकही शब्द मला ऐकू येईना. अंगावर काटा आला तो राहिलाच.

टेप थांबला. धाप लागलेले बाबा ओट्यावर बसले.

"वाजवता चांगलं. फोटो काढून टाका."

"बाबा, मुखवट्याशिवाय मला ओळखणार कोण?"

"आवाज तुझाच हाय ना?"

समीरने ओट्यावरचं मुखपृष्ठ उचलून खिशात घातलं. मग त्याने मान डोलावली.

नाशिकला पोचताच आम्ही थेट छापखान्यात गेलो. वितरक खवळला, "मुखवटाच तर खपत होता!" समीरने कोऱ्या काळ्या कागदावर फक्त बँडचं आणि अल्बमचं नाव लिहून दिलं.

मी चळवळीतल्या घरात, पत्रकांच्या गठ्ठ्यांवर झोपून वाढलो. 'जनतेचे' हा शब्द मी किती वेळा छापला असेल. जनतेतल्या कुणाच्या ओट्यावर बसून विचारायला मात्र मी त्या दिवशी पहिल्यांदा गेलो.