कासारकाकूचे निरोप

बांगड्या भरायच्या म्हणजे एका बाईचा हात पाव तास दुसऱ्या बाईच्या हातात राहतो. आष्ट्याच्या आसपासच्या बारा गावांत हा दुसरा हात गुणमाला कासारणीचा होता. ती आधी तळवा चोळायची, अंगठ्याचं हाड आत दुमडायची आणि चुडा हळूहळू वर सरकवायची. काच हाडावरून जाताना दुखतं, म्हणून सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं तरी ओट्यावर बसलेल्या सासूला त्यात वावगं वाटत नाही. तेवढ्या पाव तासात सून जे बोलायचं ते बोलून घ्यायची.

गुणमाला जैन कासारांच्या घरातली. नवरा अण्णाप्पा बाजारात दुकान मांडायचा आणि ती पेटी घेऊन गावं फिरायची. पस्तीस वर्षं तिनं बांगड्या विकल्या, आणि बांगड्यांबरोबर निरोप पोचवले. लेकीचा निरोप आईला, आईचा लेकीला. कुणाला दिवस गेले, कुणाचा नवरा प्यायला लागला, कुणाची नणंद घर सोडून आली. ऐकलेलं ज्याचं त्यालाच सांगायचं, पदरचा मीठमसाला लावायचा नाही आणि तिसऱ्याच्या कानावर तर मुळीच घालायचं नाही, एवढा तिचा नेम होता. गावात बाकी सगळ्यांची पोटं हलकी. पारावर शिंक दिली तर वेशीपर्यंत पडसं पोचतं. पण कासारकाकूच्या पोटातलं बाहेर आलं, असं कोणी म्हटल्याचं ऐकिवात नव्हतं, आणि याचा तिला बांगड्यांपेक्षा जास्त अभिमान होता.

मग गुडघे बोलायला लागले आणि फोन आला.

फोन आणला पारसनं, तिच्या एकुलत्या एका मुलानं. तो सांगलीत डिप्लोमा करून दोन नोकऱ्या सोडून घरी परतला होता. पुढच्या खोलीत त्यानं खोकी रचली, भिंतीला पांढरा कागद लावून आईला समोर बसवलं आणि बांगड्यांच्या ताटासह तिचा फोटो काढला. तो फोटो टाकून त्यानं ऑनलाइन पेज काढलं आणि पेजला नाव दिलं ‘कासारकाकू’. खाली नंबर दिला आईचा, कारण बायका बाईशी मोकळ्या बोलतात, हे त्यानं बरोबर हेरलं होतं. गुणमालाला फोनमधलं काही कळत नव्हतं. मधेच पडद्यावर इंग्रजीत काहीतरी विचारणा यायची आणि ती पारसला हाक मारायची. शेवटी तो कंटाळून म्हणाला, "आई, फोन काय इचारंल त्येला हो म्हणायचं. न्हाई म्हटलं की पुढचं अडतंय."

बाजारात पहिल्या बोलीला कधी कुणाला हो न म्हणणारी बाई, पण फोनला ती तीन वर्षं हो म्हणत आली.

आणि खरं सांगायचं तर फोन तिला आवडलाही. तिची गावं वाढली. कऱ्हाड, मलकापूर, पार फलटणपर्यंत दिलेल्या पोरी आता तिला फोन करायच्या. आईला फोन लावला तर सासू म्हणते स्पीकर लाव. कासारकाकूला लावला तर म्हणते, बांगड्या सांगतीय, सांगू दे. पोरींना हे लवकर उमगलं. फोन हातात आहे पण बोलायला मुभा नाही, अशा घरांत कासारकाकूचा नंबर फार उपयोगाचा होता.

शिवांजलीही अशीच फोन करायची. ती गुणमालाच्याच गावातल्या लीलाबाईची धाकटी लेक, दिली फलटणकडं. नवरा वीरधवल सैन्यात. घर चांगलं, ऊस चांगला, सासूची जीभ तेवढी वाईट. दोन मुली झाल्या होत्या आणि तिसऱ्या खेपेला मुलगाच व्हायला हवा, असं सगळ्या घरानं ठरवून टाकलं होतं. गेल्या श्रावणात एका दुपारी तिनं गोठ्यामागून फोन लावला.

"काकू, मी तांबी बसवून आले," ती म्हणाली. "सरकारी दवाखान्यात. घरात कुणाला ठावं न्हाई. माझ्यात आता ताकद न्हाई वो. धाकटीच्या टायमाला मरता मरता वाचले. आईला तेवढं सांगा, म्हंजी ती नातवासाठी नवस करायची थांबंल."

गुणमाला जुन्या वळणाची. ती म्हणाली, "नवऱ्याला इचारायचं हुतंस की बाई."

"इचारलं असतं तर बसवू दिली असती व्हय?"

मग शिवांजली पुष्कळ वेळ बोलत राहिली आणि ही ऐकत राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं लीलाबाईच्या घरी जाऊन, बांगड्या भरता भरता, तिच्या कानात ते घातलं. लीलाबाई थोडी रडली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "जिवानं ऱ्हायली म्हंजी झालं." गुणमालाच्या लेखी तो निरोप तिथं संपला.

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. गुणमाला अंगणात बसून पिचलेल्या बांगड्या निवडत होती. लीलाबाई आली. बस म्हटलं तर बसली नाही. तिनं आपला फोन पुढं धरला आणि बोट दाबलं.

आपला स्वतःचा आवाज माणसाला पटकन ओळखू येत नाही. गुणमालाला आधी शिवांजलीचा आवाज ऐकू आला, मग कुणी म्हातारी म्हणाली, "नवऱ्याला इचारायचं हुतंस की बाई," आणि मागून तिच्याच अंगणातला कोंबडा आरवला. तेव्हा तिला कळलं की ही म्हातारी आपणच.

"जावयानं पाठवलंय," लीलाबाई म्हणाली. "मला, माझ्या थोरल्याला, पोरीच्या चुलत्याला, समद्यास्नी. परवा सासूनं तिला दवाखान्यात न्हेऊन तांबी काढून आणली. पोरीचा फोन काढून घेतलाय."

"लीला, मी न्हाई गं..."

"आवाज तर तुझाच हाय. तुझ्या फोनमधला हाय." लीलाबाईचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "पोरीचा जीव तुझ्या भरवशावर हुता, गुणमाला. माझा बी."

ती गेली. माझ्या फोनमधला आवाज त्या फलटणच्या पोराकडं गेला कसा, एवढंच गुणमालाच्या डोक्यात फिरत होतं. चोरानं नेला असता तर तिनं चोराला शिव्या घातल्या असत्या. ती उठून पुढच्या खोलीत गेली. पारस खोक्यांना चिकटपट्टी लावत होता.

"शिवांजलीचं बोलणं बाहेर कसं गेलं रं?"

"हां, ते," पारस पट्टी न सोडता म्हणाला. "मीच पाठवलं."

त्याच्या तोंडावर ना लाज, ना भीती. उलट आईनं विचारलं याचंच त्याला बरं वाटलं असावं, कारण तो खुशीत सगळं सांगत सुटला. गिऱ्हाईक म्हणतं मी दोन-सहाचं माप सांगितलं, तुम्ही दोन-चारचं पाठवलं, आणि माल परत येतो. मग पुरावा नको? म्हणून त्यानं आईच्या फोनमध्ये बोलणं टिपून ठेवणारं ॲप टाकलं होतं. टिपलेलं सगळं त्याच्या लॅपटॉपवर आपोआप जमा व्हायचं, कारण फोन त्याच्याच मेलवर चालू केला होता. दोन वर्षं झाली याला.

"समदं बोलणं?"

"फोन काय निवडून घेतोय व्हय आई? आला कॉल की टिपला."

"आन् तू ऐकतोस?"

"ऑर्डरी लिहून घ्यायला ऐकावं लागतंय की."

दोन वर्षं. बारा गावांच्या लेकी आणि त्यांच्या आया तिच्या कानात बोलत होत्या, आणि हा पुढच्या खोलीत चहा पीत ऐकत होता.

पारसचं चालूच होतं. त्यानं पुढचं सांगितलं. वीरधवल दिवाळीला सुट्टीवर आला होता. बायकोच्या फोनमध्ये त्याला कासारकाकूच्या नंबरावर एक्केचाळीस मिनिटांचा कॉल दिसला. एक्केचाळीस मिनिटं कसल्या बांगड्या सांगत होती, म्हणून त्यानं पारसला गाठलं. तुझी आई लोकांच्या सुना बिघडवते, असं तुझ्या पेजवर लिहितो, म्हणाला.

"मग मी गप बसू?" पारस म्हणाला. "मी शोधून काढला तो कॉल. म्हटलं, घे, माझी आई काय म्हणाली ते तुझ्या कानानं ऐक. तू तर नवऱ्याला इचार म्हणालीस आई. तुझं नाव साफ झालं. त्यानं माफी मागितली, पेजवर पाच स्टार दिले."

"आन् ती पोरगी?"

"तिनं लपवलं, त्यात माझा काय दोष? मी त्येच्या जागी असतो तर मला कळायला नको?"

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. कापणाऱ्यानं तो आईच्या भल्यासाठी कापला, आणि कापलेली माणसं दुसऱ्या घरची. तिनं हात उगारला आणि खाली घेतला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, मारायचं कुणाला? तिनं फोन त्याच्या खोक्यांवर ठेवला आणि म्हणाली, "तुझ्यापरीस चोर बरा हुता. त्यानं फोन नेला असता, माणसं न्हवं."

पारसनं तिच्यासमोर सगळं पुसलं, ॲप काढलं. पण लोकांच्या फोनांत गेलेलं कोण पुसणार? पेजवरचा माझा फोटो काढ, असंही तिनं सांगितलं. ते मात्र त्याला जमण्यासारखं नव्हतं. फोटोवरच धंदा होता. आठ दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. शेवटी अण्णाप्पा म्हणाला, "पोरगं हाय, चुकलं," आणि घर पुन्हा चालू झालं, जशी घरं चालू होतात. फोटो राहिला तिथंच, ताट धरून हसणारा.

लेकींचे फोन थांबले. आधी एक, मग दुसरी, मग कोणीच नाही. लग्नसराईत पुण्या-मुंबईच्या ऑर्डरी वाढल्या, त्या बायकांना काय ठाऊक? गुणमाला दुखऱ्या गुडघ्यांनी पुन्हा जवळच्या गावांत जाऊ लागली. बायका हात पुढं करायच्या, पण बोलायच्या त्या उन्हाबद्दल आणि टीव्हीवरच्या मालिकांबद्दल. ती जवळ आली की पाणवठ्यावरच्या बोलण्याचा विषय बदलायचा. लीलाबाईनं तर आष्ट्यातल्या दुसऱ्या कासाराकडून बांगड्या घ्यायला सुरुवात केली. एवढंच नव्हे, येता-जाता समोर आली की त्या बांगड्यांवर पदर गुंडाळून घ्यायची. ते गुणमालाला चाबकासारखं लागायचं.

वैशाखात पारस फोन नाचवत आत आला. फलटणहून ऑर्डर होती. हिरवा चुडा, डोहाळजेवणाचा, नाव वीरधवलचं.

"बघ," तो म्हणाला, "त्यांनी राग धरला न्हाई."

गुणमालानं बोटांवर महिने मोजले. कार्तिक, मार्गशीर्ष, पौष. सातवा लागला होता. ती म्हणाली, "कुरिअर करू नगंस. मी जाते."

कऱ्हाडला एक, साताऱ्याला दुसरी, अशा एस.टी. बदलत ती गेली. फोन घरीच ठेवला. सबंध वाट तिनं मनात एकच वाक्य घोळवलं होतं, पोरीचा हात हातात आला की म्हणायचं. त्या घरी सासू, सुलाबाई, दारापर्यंत सामोरी आली. वीरधवल सुट्टी संपवून केव्हाच गेला होता. चहा झाला, वर खायला चिवडा आला. सुलाबाई म्हणाली, "तुमच्या पोराचं लय उपकार. घर वाचलं आमचं." गुणमालाच्या हातातला चिवडा हातातच राहिला.

शिवांजली आली, सावकाश, एका हातानं कंबर धरून. पाय सुजले होते, चेहरा ओढलेला. मुली तिच्या पदराला धरून होत्या. ती पाटावर बसली आणि तिनं हात पुढं केला. गुणमालानं तो चोळायला घेतला. सूज हातालाही होती. सुलाबाई मुलींना घेऊन खोबरं आणायला आत गेली, तेवढ्यात गुणमाला खाली वाकून म्हणाली, "बाई, मला ठावं नव्हतं गं. फोनात पोरानं ते घातलं हुतं. माझ्या देवाची आण, मला ठावं नव्हतं."

"व्हय काकू," शिवांजली म्हणाली.

"मी फोन आणला न्हाई. तू बोल. काय वाट्टेल ते बोल, मला शिव्या घाल."

शिवांजली तिच्या पिशवीकडं बघत राहिली. पिशवीत फक्त बांगड्यांचा डबा होता. गुणमालानं तो काढून पिशवी उलटी करून दाखवली. पोरीनं पाहिलं आणि मान वळवली. बांगड्या एकेक करून चढल्या. गुणमालानं इतक्या हळू कधी चुडा भरला नव्हता, पण भरायचा तेवढा वेळ संपलाच.

"डॉक्टर काय म्हणतात?" तिनं विचारलं.

"बरं हाय म्हणतात."

"आईला काय सांगू?"

आतून सुलाबाईच्या पावलांचा आवाज आला. शिवांजलीनं तिच्या हातातून हात सोडवून घेतला, पदर सारखा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "मी मजेत हाय, म्हणून सांगा."

हे वाक्य सासुरवाशिणीनं विचारणाऱ्या कुणालाही सांगायचं असतं. चुलत दिराला, भाजीवाल्याला, एस.टी.त भेटलेल्या गाववाल्याला. कासारकाकूला ते आजवर एकाही लेकीनं सांगितलं नव्हतं.