पंचायतीच्या रेडिओवरचं नाटक

दूरदर्शनवर आगामी कार्यक्रम सांगू लागले की मला आमच्या पाम गावच्या पंचायतीचा रेडिओ आठवतो. साठच्या दशकात गावातून कॉलेजात जाणारा मी एकटाच, म्हणून पुढचे कार्यक्रम पेपरातून मीच सर्वांना वाचून दाखवी. एकदा चुकून मागच्या आठवड्याचा पेपर वाचला. रविवारी दुपारी माणसं विनोदी नाटक ऐकायला जमली आणि लागलं खतावरचं भाषण. "काटा फिरवून नाटक घालवलंस काय रं?" असं ओरडत एकाने रेडिओ सांभाळणाऱ्या काकांच्या डोळ्यांवर काठी हाणली. मग चौघे त्यांना तुडवू लागले. "चूक माझी हाय!" म्हणत मी पुढे घुसलो, तर रक्ताने माखलेल्या काकांनी मला मागे ढकललं. "तू गप! तुला शिकायचं हाय." पुढे पदवी घेऊन त्यांच्या पाया पडलो, तेव्हा आशीर्वाद द्यायला त्यांनी माझं डोकं चाचपडत शोधलं.